टाइट एंडची पारख

श्रोतेहो, अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे, बरं का! तिथे चेंडू हातात घेऊन पळतात, फेकतात नि झेलतात. अकरा जणांच्या संघात ‘टाइट एंड’ रांगेच्या टोकाशी उभा असतो. त्याची कामे दोन : प्रतिपक्षाला अंगाने रेटून चेंडूवाल्याला वाट करून द्यायची, आणि वेळ येताच पुढे धावून चेंडू झेलायचा. तेव्हा गडी धिप्पाड हवा, तसाच चपळही.

व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजातले खेळाडू सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवडतात. मागाहून निवडलेल्याला पैसाही कमी मिळतो. निवडीपूर्वी उंची, वजन, चाळीस यार्डांची धाव मोजतात. झेल मोजणे सोपे. पण रेटणे मोजायचे कसे? त्यासाठी सामन्यांची चित्रफीत पुनःपुन्हा पाहावी लागते. पाय कसे रोवले, हात कुठे लावले, दम शेवटपर्यंत टिकला का, हे तिथेच कळते.

जॉर्ज किटलचे उदाहरण घ्या. आयोवा विद्यापीठात त्याचे झेल अवघे ४८. तिथला खेळ मुख्यतः चेंडू घेऊन धावण्याचा. झेलण्याची संधीच थोडी. २०१७ साली त्याच्याआधी १४५ जण निवडले गेले. मग पाचव्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला घेतले. पुढच्याच वर्षी, २०१८ च्या हंगामात, त्याने झेलांवर १,३७७ यार्ड मिळवले. टाइट एंडसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

शिक्षकबंधूंनो, आकडा जरूर पाहावा. पण तो मिळवणाऱ्याला संधी किती मिळाली होती, हेही विचारावे.