यजमानाची कसोटी

अप्रिय पाहुण्याशी कसे वागावे, हा प्रश्न घरगृहस्थीत जितका जुना, तितकाच तो राष्ट्रांच्या व्यवहारातही जुना आहे. ज्याच्या राज्यात माणसे विनाचौकशी तुरुंगात डांबली जातात, ज्याची वाणी शेजाऱ्यांना धमक्या देण्यात रंगलेली असते, असा परदेशी राज्यकर्ता एखाद्या संस्थेच्या निमंत्रणावरून तिच्या व्यासपीठावर येऊन बसला, तर त्याचा मान राखावा की त्याच्या तोंडावर त्याची निर्भर्त्सना करावी? एक पक्ष म्हणतो, काही झाले तरी पाहुणा तो पाहुणा. दुसरा पक्ष म्हणतो, जुलमी माणसाला कसला आला आहे मान! आमचे मत असे आहे की, हे दोन्ही पक्ष भलत्याच माणसाकडे पाहून वाद घालीत आहेत. अशा प्रसंगी खरी कसोटी पाहुण्याची लागत नाही. ती यजमानाची लागते.

हे स्पष्ट व्हावे म्हणून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २४ सप्टेंबर २००७ रोजी घडलेला प्रसंग पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणणे उपयुक्त ठरेल. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या विद्यापीठात शिकावयास गेले, तेच हे विद्यापीठ. त्यामुळे तेथील बऱ्यावाईटाविषयी मराठी वाचकाला थोडी आपुलकी वाटावी, हे स्वाभाविकच आहे. इराणचे तत्कालीन अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कला आले असता विद्यापीठाने त्यांना भाषणासाठी बोलावले. हिटलरने केलेला ज्यूंचा संहार ही दंतकथा आहे, असे म्हणून या गृहस्थांनी जगभर संताप ओढवून घेतला होता. अणुशक्तीच्या प्रश्नावर त्यांचे सरकार सुरक्षा समितीशी झगडत होते. खुद्द कोलंबियाचाच एक माजी विद्यार्थी असलेल्या विद्वानाला त्यांच्या राजवटीने त्याच वर्षी तुरुंगात टाकले होते. तेव्हा या निमंत्रणावर गदारोळ उठला, याचे आश्चर्य वाटावयास नको. विद्यापीठाबाहेर निदर्शक जमले, लोकप्रतिनिधींनी डोळे वटारले, वृत्तपत्रांनी आग ओकली.

विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर हे भाषणस्वातंत्र्याच्या कायद्याचे नामांकित पंडित. एखाद्याचे विचार ऐकणे म्हणजे त्यांना मान्यता देणे नव्हे, ही त्यांची भूमिका निखालस योग्य होती. निमंत्रण मागे घेण्याचा आग्रह त्यांनी मानला नाही, याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. कारण आदल्याच वर्षी, २००६ साली, याच पाहुण्याला दिलेले निमंत्रण विद्यापीठाने मागे घेतले होते. परंतु प्रत्यक्ष प्रसंगी बोलिंजर यांनी जे केले, ते मात्र विलक्षण होते. पाहुण्याची ओळख करून देण्यासाठी ते उभे राहिले आणि पाहुण्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी त्याच्यावर आरोपांची सरबत्ती केली. क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाची सारी लक्षणे तुमच्या ठायी दिसतात, असे त्यांनी त्याला सुनावले. संहार नाकारणारा मनुष्य एक तर निर्लज्जपणे चिथावणी देणारा असला पाहिजे, नाही तर कमालीचा अडाणी, असेही ते म्हणाले. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

यातील एकेक आरोप तपासून पाहिला, तर त्यांतील बहुतेकांना भक्कम आधार होता. फाशी दिलेली माणसे, बहाई पंथीयांचा छळ, स्त्रियांवरील निर्बंध, कोंडलेले लेखक आणि अध्यापक, हे सारे खरे होते. दोष आरोपांत नव्हता, त्यांच्या क्रमात होता. आधी निकाल, मग सुनावणी, ही हुकूमशहाच्या न्यायालयाची रीत. ती विद्यापीठाची रीत कशी होईल? जुलमी राजवटीचा निषेध करावयास निघालेल्या यजमानाने नकळत तिचीच पद्धत उचलली, हा या प्रसंगातील दुःखद विनोद होय.

पाहुणा चतुर होता. उत्तरादाखल तो म्हणाला की, आमच्या देशात वक्त्याला बोलावले म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांवर आणि अध्यापकांवर विश्वास ठेवतो. भाषणापूर्वीच श्रोत्यांना लस टोचण्याची आम्हांला गरज भासत नाही. ज्याच्या राज्यात विद्यार्थ्यांना बोलल्याबद्दल शिक्षा होत होत्या, त्याने विद्यार्थ्यांवरील विश्वासाची गोष्ट सांगावी, हे ढोंग होते. पण त्या ढोंगाला संधी कोणी दिली? जो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहावयाचा, तो क्षणार्धात अपमानित अतिथी होऊन बसला. पुढे इराणमधील विद्यापीठांच्या व संशोधनसंस्थांच्या सात प्रमुखांनी बोलिंजर यांना खरमरीत पत्र लिहून उलट दहा प्रश्न विचारले. खुद्द कोलंबियातील प्राध्यापकांच्या एका गटानेही अध्यक्षांवर टीका केली. चर्चा व्हावयास हवी होती इराणच्या तुरुंगांची. ती झाली बोलिंजर यांच्या भाषेची.

आता त्याच सभेचा उत्तरार्ध पाहा. भाषण संपल्यावर अधिष्ठाता जॉन कोट्सवर्थ यांनी श्रोत्यांचे प्रश्न शांतपणे, पण नेटाने विचारावयास सुरुवात केली. पाहुण्याने बगल दिली, की ते तोच प्रश्न पुन्हा विचारीत. समलिंगी व्यक्तींना इराणमध्ये देण्यात येणाऱ्या देहदंडाचा विषय निघाला. त्यावर अहमदीनेजाद यांनी उत्तर दिले की, तुमच्या देशात आहेत तशी माणसे आमच्या देशात नाहीतच! सभागृहात हशा पिकला आणि धिक्काराचे आवाज उठले. ते एक उत्तर जगभर गेले. बोलिंजर यांची सारी विशेषणे एकत्र केली, तरी त्या राजवटीच्या आंधळेपणावर जेवढा प्रकाश पडला नसता, तेवढा त्या एका वाक्याने पडला. आणि ते वाक्य पाहुण्याच्या स्वतःच्या मुखातून आले. अपमानाला जे साधले नाही, ते एका नीट विचारलेल्या प्रश्नाने साधले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ही सभ्यता सुखवस्तू लोकांना परवडते. तुरुंगात खितपत पडलेल्या कैद्याने जुलमी माणसाचा हा आदरसत्कार का म्हणून सोसावा? आक्षेप वजनदार आहे. त्याला खरे उत्तर देण्याचा अधिकार आमच्यापेक्षा तेहरानच्या विद्यार्थ्यांना अधिक. डिसेंबर २००६ मध्ये अमीर कबीर विद्यापीठात याच अहमदीनेजाद यांच्यासमोर विद्यार्थ्यांनी हुकूमशाहीच्या नाशाच्या घोषणा दिल्या आणि त्यांची छायाचित्रे जाळली. कोलंबियाच्या सभेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ऑक्टोबर २००७ मध्ये, ते तेहरान विद्यापीठात आले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हातांतील फलकांवर विचारलेले होते की, एकट्या कोलंबियालाच का? प्रश्न आमच्याजवळही आहेत! या फलकाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. त्या मुलांना हेवा वाटला तो राज्यकर्त्याला सर्वांदेखत जाब विचारण्याच्या अधिकाराचा. न्यूयॉर्कमध्ये जो अधिकार एका अधिष्ठात्याने निर्धास्तपणे बजावला, तो तेहरानमध्ये बजावण्यासाठी विद्यार्थ्याला आपले भवितव्य पणाला लावावे लागत होते. त्या विद्यार्थ्याचे ऋण फेडावयाचे, तर त्याचा प्रश्न चोख विचारला पाहिजे आणि उत्तर निसटू देता कामा नये. शिवी देऊन ते ऋण फिटत नाही.

आमच्या देशालाही असा एक प्रसंग अनुभवावा लागला आहे. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून दिल्लीस आले. त्यापूर्वी सहाच महिने आधी, ऑक्टोबर १९५९ मध्ये, लडाखच्या कोंगका खिंडीत चिनी गोळ्यांनी आमचे पोलीस बळी पडले होते. देशात संतापाची लाट होती; विरोधी पक्षांनी निदर्शने केली, आणि तो त्यांचा हक्कच होता. सरकारने मात्र पाहुण्याचे रीतसर स्वागत केले. पण स्वागत म्हणजे शरणागती नव्हे. सहा दिवसांच्या वाटाघाटींत भारताने आपली बाजू सोडली नाही. त्या वेळचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्याशी चौंची जी भेट झाली, तीत तिबेटी निर्वासितांचा विषय निघाला. तेव्हा लेनिननेही इंग्लंडचा आश्रय घेतला होता आणि तेथे त्याच्या राजकारणाला कोणी आडकाठी केली नव्हती, याची आठवण मोरारजींनी त्यांना करून दिली. यात अपशब्द एकही नाही, आणि तरीही एका कम्युनिस्ट नेत्याला याहून झोंबणारे उत्तर कोणते असेल? त्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या आणि दोनच वर्षांनी युद्ध झाले, हे खरे. परंतु दिल्लीने चौंचा पाणउतारा केला असता, तर ते युद्ध टळले असते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच्या आदल्या वर्षीचे. सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान क्रुश्चेव्ह अमेरिकेच्या दौऱ्यावर असता लॉस एंजेलिसचे महापौर नॉरिस पॉल्सन यांनी मेजवानीच्या वेळी त्यांचेच एक जुने वाक्य त्यांच्या तोंडावर फेकले. त्या वाक्याचा खुलासा क्रुश्चेव्ह यांनी यापूर्वीच केलेला होता. ते खवळले आणि आपण विमानाने तडक मायदेशी परतू शकतो, असे त्यांनी बजावले. बुडापेस्टमध्ये १९५६ साली रणगाडे धाडणारा हा पुरुष त्या रात्री अन्याय सोसणारा पाहुणा ठरला. ही किमया त्याची नव्हे, त्याच्या यजमानाची.

तेव्हा गौरव, आदर आणि सभ्यता या तीन गोष्टींची गल्लत करणे सोडून दिले पाहिजे. गौरव करावयाचा, तर तो कर्तृत्वाचा करावा. आदर ज्याचा त्याने आपल्या वर्तनाने मिळवावा. तो मागून मिळत नाही आणि निमंत्रणपत्रिकेबरोबर पाठविताही येत नाही. परंतु सभ्यता हे यजमानाचे देणे आहे. ज्या क्षणी आपण निमंत्रण धाडले, त्या क्षणी त्या माणसाला ऐकून घेण्याचे वचन आपण दिले. तो माणूस त्या वचनास पात्र नाही असे वाटत असेल, तर निमंत्रण देऊ नये. न बोलावण्यात कोणताही असभ्यपणा नाही. पुष्कळदा तेच अधिक प्रामाणिक असते. पण लोकांचा रोष ओढवला म्हणून निमंत्रणाचे पाप अपमानाच्या प्रायश्चित्ताने धुऊन काढावयाचे, हा व्यवहार ना पाहुण्याशी प्रामाणिक, ना रोष करणाऱ्यांशी.

आणि ही सभ्यता म्हणजे मिठ्ठास बोलणेही नव्हे. जो यजमान जुलमी पाहुण्याला हारतुरे घालतो, अडचणीचे प्रश्न आधीच गाळून टाकतो आणि त्याच्या विनोदांवर हसतो, तो बोलिंजर यांच्याहून शतपट अधिक दोषी होय. बोलिंजर यांनी निदान सत्य तरी सांगितले. त्यांची चूक एवढीच की, ते सत्य त्यांनी चुकीच्या वेळी, चुकीच्या सुरात सांगितले. ज्याला बोलवाल, त्याला बोलू द्या. बोलून झाल्यावर त्याला नावानिशी, तारखेनिशी आणि पुराव्यानिशी विचारा. आणि निकाल श्रोत्यांवर सोपवा. सत्तेच्या आसनावर बसलेल्या माणसाला अपमान पचविण्याची, किंबहुना त्याचे भांडवल करण्याची, कला चांगलीच अवगत असते. बिनतोड प्रश्न पचविण्याची कला मात्र अजून एकाही हुकूमशहाला साधलेली नाही.