कडक एल चाखताना

बिअर जितकी गारेगार तितकी चांगली, असा आपल्याकडचा हिशेब. हलक्या लागरला तो चालतो, बेल्जियन पद्धतीच्या कडक एलला नाही. एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवलेली बिअर.

उदाहरणादाखल कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या शांब्लीची युनिब्रू ब्रुअरी घेऊ. तिची ‘ला फँ द्यु मोंद’ ही सोनेरी एल ‘ट्रिपेल’ प्रकारची, म्हणजे फिकट रंगाची पण कडक. मद्यार्क 9 टक्के.

आधी बाटली दिवसभर फ्रिजमध्ये उभी ठेवावी. ही बिअर बाटलीतही आंबते, त्यामुळे तळाशी यीस्टचा साका असतो. आडव्या बाटलीत तो पसरतो. प्यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं ती बाहेर काढावी. 8 ते 12 अंश सेल्सिअस पुरे. त्याहून गार असेल तर गंध दबतो.

ग्लास पोटाशी फुगीर, तोंडाशी आवळलेला घ्यावा. त्यात गंध टिकतो. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये. बहुतेकांचा फेस बिघडतो तो स्पंजामुळे. कढईच्याच स्पंजाने ग्लास घासला की तेलाचा अंश राहतो आणि फेस बसतो. पाणी भरून ओतून पाहावं: आतून सलग पातळ थर राहिला तर ग्लास स्वच्छ, थेंब-थेंब तुटले तर तेलकट.

ओतताना ग्लास तिरका धरावा, अर्ध्यावर सरळ करावा. दोन बोटं फेस हवाच. शेवटपर्यंत तिरकाच धरला तर वायू बिअरमध्येच राहतो आणि पोट फुगतं. मध्येच बाटली उभी केली की साका ढवळतो, म्हणून शक्यतो एका दमात ओतावं. तळाचं बोटभर बाटलीतच ठेवावं. ते ग्लासात आलं तरी अपाय नाही, फक्त बिअर गढूळ दिसते.

आता ग्लास हलकेच फिरवून हुंगावं. धणे आणि संत्र्याची साल यात खरोखरच घातलेली असते. लवंग आणि पिकलेलं केळं यांची आठवण देणारा वास मात्र यीस्टचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी झाली आहे.

घोट लहान घ्यावा, जिभेवर फिरवून गिळावा आणि नाकाने श्वास सोडावा. सुरुवात गोडसर, शेवट कोरडा लागतो. ट्रिपेलमध्ये सहसा माल्टच्या जोडीला साखरही घालतात. ती यीस्ट जवळजवळ सगळी खातं, म्हणून बिअर कडक होऊनही जड होत नाही. पुढचा घोट पाच मिनिटांनी घ्यावा. बिअर थोडी कोमट झाली की मसाले आणि मद्यार्काची ऊब जास्त जाणवते.

सगळ्यात मोठी चूक प्रमाणात होते. हलकी लागते म्हणून आपण नेहमीच्या वेगाने पितो. पण 341 मिलीच्या बाटलीत सुमारे 31 मिली शुद्ध मद्यार्क असतो. 5 टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये 17. मोठी, 750 मिलीची बाटली तिघा-चौघांत वाटावी, सोबत पाणी आणि खाणं ठेवावं. घरी गाडी कोण चालवणार, हे बूच काढायच्या आधीच ठरवावं, आणि त्याने ग्लासाला हात लावू नये.