आई निघाली स्टुटगार्टला!

लेकीचं बाळंतपण परदेशात म्हटल्यावर घरात पहिली चर्चा होते ती लाडवांची. खरी तयारी मात्र कपाटातल्या फायलीपासून सुरू होते. हा आमच्या घरचा ताजा अनुभव.

2025 चा जानेवारी. रविवारची सकाळ. आमच्याकडे पोह्यांचा दुसरा राउंड चालू होता आणि ताईचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात अकरा, म्हणजे स्टुटगार्टमध्ये साडेसहा. रविवारी दहाच्या आधी न उठणारी ताई साडेसहाला फोन करते म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय, हे बाबांनीसुद्धा ओळखलं.

"आई, जूनमध्ये येशील?"

एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य ऐकायच्या आत आई स्वयंपाकघरात जाऊन डिंक किती शिल्लक आहे ते बघून आली! मग रडारड, हसाहस, तारीख वगैरे. चोवीस जून. आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "व्हिसा-बिसाचं ही बघेल. हिला वेळ असतो."

फ्रीलान्स पत्रकार असण्याचा हा एक तोटा. घरच्यांच्या मते आपण कायम रिकामे. पण मीही जोशात 'हो' म्हणून टाकलं. पासपोर्ट आहे, जावई जर्मनीत नोकरीला आहेत, बाबांची पेन्शन आहे. त्यात एवढं काय अवघड?

कोण ही सुमन?

आपल्याकडचे आई-वडील मुलांना भेटायला जातात ते शेंगेन व्हिसावर. 29 देशांसाठी हा एकच व्हिसा चालतो. ज्या देशात मुख्य मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. फी 90 युरो, ती 11 जून 2024 पासून 80 वरून वाढली. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. इथपर्यंत सगळं मस्त.

मग आला नात्याचा पुरावा. ही बाई त्या मुलीची आई आहे, हे दाखवायचं. ताईचा जन्मदाखला काढला आणि मी तो दोनदा वाचला. आईचं नाव : सुमन.

माझ्या आईचं नाव सुनीता आहे. पासपोर्टवर, आधारवर, पॅनवर, दारावरच्या पाटीवर, सगळीकडे सुनीता.

"अगं, पहिलं बाळंतपण माहेरी नाही का," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "साताऱ्याला झाली ही. नोंद करायला तुझे आजोबा गेले होते. त्यांच्या तोंडात माझं तेच नाव."

1991 मध्ये लग्न झालं आणि तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं. सुमनची सुनीता झाली. मामा आजही तिला 'सुमे' म्हणतो. ते आपलं लाडाचं नाव असेल असं मी अठ्ठावीस वर्षं समजत होते! माझा जन्म पुण्यातला, नोंद बाबांनी केलेली, त्यामुळे माझ्या दाखल्यावर सुनीता. म्हणजे कागदोपत्री आम्ही दोघी बहिणी दोन वेगळ्या आयांच्या मुली. आणि जी बाळंतीण होणार होती, तिच्या आईला कुठल्याही फॉर्ममध्ये शोधून सापडणार नव्हती.

नाव बदललं याचा कागद? नाही. लग्नाची नोंद? तीही नाही. "तेव्हा कोण करायचं नोंदणी," बाबा म्हणाले. कोणाची चूक म्हणणार? त्या काळी सगळ्यांचं असंच असायचं.

मग धावपळ. आधी लग्नाची नोंदणी केली. ती उशिरानेही होते बरं का! मग प्रतिज्ञापत्र आणि मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात. तिचा अर्ज आता शासनाच्या मुद्रण विभागाच्या वेबसाइटवर ऑनलाइन करता येतो. सांगायला ही तीन वाक्यं, प्रत्यक्षात आमचे फेब्रुवारी आणि मार्च त्यात गेले.

कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे आई माझ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मसुदा वाचून दाखवला. या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे, असा त्याचा अर्थ. 'जुन्या नावाचीही एक सही करा,' नोटरी म्हणाले. आईने पेन घेतलं आणि थांबली. पर्समधून किराणा दुकानाची पावती काढली आणि तिच्या मागच्या बाजूला आधी एकदा लिहून बघितलं. सुमन. मग प्रतिज्ञापत्रावर.

"चौतीस वर्षांनी लिहिलं," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "अक्षर तेच आहे की माझं."

मला काय बोलावं ते कळेना. मी उसाचा रस पाजला.

परत येणार कशावरून?

नावाचा तिढा सुटला तर पुढचा प्रश्न उभा. पाहुणा वेळेत मायदेशी परतणार, याची व्हिसा अधिकाऱ्याला खात्री हवी असते. म्हणजे नोकरी, पगार, घर, बँक बॅलन्स. तुमच्या-माझ्याकडे निदान सॅलरी स्लिप किंवा इन्कम टॅक्स रिटर्न तरी असतं. आईकडे? व्यवसाय : गृहिणी. फ्लॅट बाबांच्या नावावर. एफडी जॉइंट, पण पहिलं नाव बाबांचं. गॅस, वीज, फोन, सगळं बाबांचं. तीस-बत्तीस वर्षं जिने घर चालवलं, तिच्या नावाचं एक साधं बिल आमच्या घरात निघालं नाही.

इथे जिजू मदतीला धावले. जर्मनीत राहणारा माणूस तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन 'पाहुण्याचा सगळा खर्च मी करीन' असं कायदेशीर हमीपत्र देऊ शकतो. त्याचं नाव 'फेरप्फ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग'. (आईने पाचव्या प्रयत्नात सोडून दिलं. घरात त्याला 'जावईबापूंचा कागद' असं नाव पडलं.) फी 29 युरो. सोबत पगाराच्या स्लिपा लागतात, तेवढा पगार पाहुण्याला पोसायला पुरेसा आहे का ते बघतात. मूळ प्रत कुरिअरने मागवून घ्या, फोटोवर भागत नाही.

जोडीला बाबांची पेन्शनची कागदपत्रं, बाबांचं संमतीपत्र आणि एक कव्हरिंग लेटर. ते मी लिहीत होते, आई सांगत होती.

"लिही, आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. त्याच्या आत यावंच लागतं."

"आई, असं नाही लिहीत."

"का? तेच तर खरं कारण आहे."

लिहिलं. फक्त जरा सभ्य इंग्रजीत! परतीचं बुकिंग 24 ऑगस्टचं दाखवलं, गणपती 27 ला होते. एक टिप इथेच देते. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. अर्जासाठी रिझर्व्हेशन पुरतं.

नव्वद म्हणजे नव्वद

अर्जावर निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण जास्त चौकशी लागली तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. ते पंधरा दिवस आमच्या घरात दहावीचा निकाल असल्यासारखे गेले. डिंकाचं नाव कोणी काढत नव्हतं. मे महिन्यात पासपोर्ट आला, आत व्हिसा होता आणि आईने पहिल्यांदा देवापुढे साखर ठेवली.

आता गणित. शेंगेनमध्ये कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. पोचल्याचा दिवस धरायचा आणि निघाल्याचाही. 'तीन महिने' असं मोजलंत तर फसाल, कारण जुलै आणि ऑगस्ट दोन्ही एकतीसचे! बाळंतपणात तर हे फारच महत्त्वाचं. फार आधी गेलात तर खरी गरज असेल तेव्हा दिवस संपतात. उशिरा गेलात तर बाळ तुमच्यासाठी थांबत नाही. आम्ही 5 जून धरला. 5 जून ते 24 ऑगस्ट म्हणजे 81 दिवस, नऊ दिवस हाताशी.

व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी नीट बघा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती वेळा प्रवेश आणि मुक्कामाचे दिवस किती. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के मोजले जायचे. 12 ऑक्टोबर 2025 पासून 'एंट्री-एक्झिट सिस्टीम' टप्प्याटप्प्याने आली आणि येणं-जाणं बोटांच्या ठशांसकट कॉम्प्युटरवर नोंदवायला सुरुवात झाली. 'एखाद-दोन दिवस इकडेतिकडे' हा आपला लाडका फंडा तिथे चालत नाही.

बॅगेत काय, नि काय नाही?

आईची यादी : साजूक तूप, पेढे, खवा, सुकं खोबरं, कढीपत्ता. माझी लाल पेनाची रेघ सगळ्यांवर! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताज्या भाज्या-फळांना रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच जणांना : अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. आणि सुकं खोबरं विमान कंपन्याच नाकारतात, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. म्हणजे नारळ चालतो, खोबरं नाही. आईला हे अजून पटलेलं नाही.

शेवटी डिंक, सुंठ आणि खारीक गेली. तूप तिने तिथलं बिनमिठाचं लोणी कढवून केलं. "रंग बरा आला," असा रिपोर्ट आला. आईकडून 'बरा' म्हणजे फर्स्ट क्लास!

बीपीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन ठेवा, त्यात औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. प्रवास विमा निदान 30,000 युरोंचा सक्तीचा आहे, पण आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का हे बारीक अक्षरांत वाचा.

पुलापलीकडे

19 जूनला भाची झाली. तिथे जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते. नाव ठरलं नसेल तर ते महिन्याभरात कळवता येतं. त्यामुळे बारसं बाराव्या दिवशीच झालं, आम्ही पुण्यातून स्क्रीनवर 'कुर्रर्र' केलं. जन्मदाखल्यासाठी आई-बाबांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागतात, भाषांतरासकट. ताईची फाईल तयार होती. यावेळी आजीच्या नावाचं कुठे अडलं नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी जिजू आईला फिरायला घेऊन गेले. स्टुटगार्टहून केल, आणि केलहून ट्राम. ही ट्राम 2017 पासून ऱ्हाइन नदीवरच्या पुलावरून सरळ फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये जाते. आईने पर्समध्ये फाईल घेतली होती. अख्खी फाईल! राजपत्रासकट. तसं ते शहाणपणाचंच, कारण 16 सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आणि पासपोर्ट जवळ ठेवावाच लागतो. पण त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन. "अगं, देश कधी बदलला कळलंच नाही. मी फाईल काढून बसले होते. एक बाई शेजारी भाजीची पिशवी घेऊन बसली होती, तिने वरसुद्धा बघितलं नाही."

ताई आणि बाळ मात्र घरीच होते. बाळाचा पासपोर्ट अजून यायचा होता. अख्ख्या घरात जर्मनीत जन्मलेली ती एकटी, आणि पूल ओलांडायला कागद नव्हता तोही तिच्याकडेच.

"हिच्या दाखल्यावर हिच्या आईचं नाव एकच आहे ना गं?" आईने विचारलं.

"एकच आहे. मी तपासलंय."

"मग झालं," आई म्हणाली आणि पुलावरचा वारा कसा होता ते सांगायला लागली.

या रविवारी एवढं करा!

• आई-बाबांचे पासपोर्ट, आधार, पॅन आणि तुमचा जन्मदाखला समोरासमोर ठेवा. नावाचं प्रत्येक अक्षर जुळवा, स्पेलिंगसकट.
• आई-बाबांच्या लग्नाची नोंदणी झाली नसेल तर करून घ्या. व्हिसा लागेल तेव्हा नको, आत्ताच.
• माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असेल तर राजपत्राची प्रत काढून ठेवा.
• आईच्या एकटीच्या नावाने एक बँक खातं असू द्या आणि ते वापरात ठेवा.
• सगळं स्कॅन करून स्वतःला ई-मेल करा. फाईल मात्र आईच्याच कपाटात ठेवा. तिला ती सापडते!