एकाला लिथियमच हवेत, दुसऱ्याला नकोतच

या आठवड्यात मच्छीमारांच्या 'डॅट' या संकट-संदेश यंत्राबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. कॅल्गरीहून एका वाचकांनी पाठवलेला प्रश्न माझ्या इतक्या आवडीचा आहे, की दोन ओळींत त्याची बोळवण करणं मला जमणार नाही.

हे गृहस्थ हिवाळ्यात कॅनेडियन रॉकीजमध्ये स्कीइंगला जातात, तेही आखीव उतार सोडून. सॅकच्या पट्ट्यावर उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं स्पॉट जेन-३, छातीवर हिमस्खलनाचं बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं आणि घेणारं रेडिओ-यंत्र. दोन्हींत ट्रिपल-ए, म्हणजे आपले बारीक पेन्सिल सेल. स्पॉटची पुस्तिका लिथियम घाला म्हणते. बीकनची पुस्तिका म्हणते फक्त अल्कलाइन, लिथियम अजिबात नको. 'मला एकाच जातीचे सेल न्यायचेत. दोघांपैकी चुकतंय कोण?' असं ते विचारतात.

कोणीच नाही. पण आधी एक खुलासा. इथला लिथियम म्हणजे मोबाइलमधला नव्हे. हा एकदाच वापरायचा, लिथियम आणि आयर्न डायसल्फाइडचा, दीड व्होल्टचा सेल. मोबाइलच्या जातीचे साडेतीन-पावणेचार व्होल्टचे सेलही हुबेहूब पेन्सिल सेलच्या आकारात मिळतात. ते अशा यंत्रात घातले तर व्होल्टेज दुपटीच्या वर जातं आणि यंत्र कायमचं कामातून जातं. आकार जुळला म्हणजे सेल जुळला असं नाही, हे ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता थंडी. रेडिओचे सेल उतरले की पत्र्यावर उन्हात वाळत घालणारी पिढी हे वाचत असेल. संध्याकाळच्या बातम्यांपुरता रेडिओ पुन्हा बोलायचा. उन्हाने सेलमध्ये नवी वीज येत नव्हती. सेल तापला की आतली रासायनिक क्रिया वेग घेते, आतला रोध कमी होतो आणि उरलासुरला साठा बाहेर पडतो. बर्फात याच्या नेमकं उलट घडतं. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाण्यातलं द्रावण असतं. गारठ्यात त्यातले आयन मंदावतात, रोध चढतो; साठा असतो, पण तो वेळेवर हाती येत नाही. कंपन्या स्वतःच अल्कलाइनची मर्यादा उणे अठराच्या आसपास देतात. लिथियमला पाणी चालतच नाही, म्हणून त्या सेलमध्ये कार्बनी द्रावक असतो, आणि तो उणे चाळीसपर्यंत काम देतो. वजनही कमी: ट्रिपल-ए अल्कलाइन साडेअकरा ग्रॅमच्या घरात, लिथियम साडेसात.

स्पॉटला याची गरज का, ते त्याच्या कामातून कळतं. त्याचे संदेश झेलणारे ग्लोबलस्टारचे उपग्रह सुमारे १,४०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथवर संदेश पोचवायचा तर यंत्र बराच वेळ झोपतं आणि मग काही क्षण एकदम जोरात वीज ओढतं. त्या क्षणी सेलचा आतला रोध जास्त असेल तर व्होल्टेज खाली बसतं आणि ऐन संदेशाच्या मध्यावर यंत्र बंद पडू शकतं. तोच सेल हेडटॉर्चमध्ये घातला तर पुढचे दोन तास बिनतक्रार उजेड देईल. 'टॉर्चमध्ये तर चालतोय की' हा युक्तिवाद मी ट्रेकर्सकडून वारंवार ऐकतो. तो टॉर्चपुरताच खरा आहे. मल्टिमीटरने मोजूनही फारसं कळत नाही, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही.

शिवाय स्पॉटला आकाश दिसावं लागतं, त्यामुळे तो बाहेर, वाऱ्यात लटकतो. बीकन मात्र जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत असतं. बीकनसाठीच्या युरोपीय मानकात हे नेमकं उतरलंय. यंत्राने अधिक दहा अंशांना २०० तास प्रक्षेपण करायचं आणि त्यानंतर उणे दहाला एक तास शोध घ्यायचा, अशी अट आहे. आधी उबेत दिवसच्या दिवस, मग एखादा गाडला गेला की यंत्र बाहेर काढून हातात. हे मानक लिहिणारी माणसं बर्फात हिंडलेली असणार, असं मला ते वाचताना नेहमी वाटतं.

म्हणजे बीकनला अल्कलाइन चालतात हे कळलं. पण लिथियम नकोत का? थंडीत ते सरस, टिकतात जास्त, गळत नाहीत. मग अडचण कसली?

अडचण त्यांच्या संपण्यात आहे. नवा अल्कलाइन १.६ व्होल्टला सुरू होतो आणि वापरागणिक हळूहळू उतरत जातो. बीकन हे व्होल्टेज मोजतं, अल्कलाइनच्या उताराशी ताडून पाहतं आणि पडद्यावर टक्के दाखवतं. लिथियम मात्र जवळपास शेवटपर्यंत दीड व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. अल्कलाइनचा हिशेब शिकवलेलं बीकन त्याला दिवसच्या दिवस ९९ टक्के देत राहतं आणि आकडा पडायला लागेपर्यंत फार थोडी वीज उरलेली असते. स्कीइंगला निघताना आपण त्या आकड्यावरच भरवसा ठेवतो. ४५७ किलोहर्ट्झवर दर सेकंदाला एक ठोका पाठवणारं हे यंत्र बर्फाखाली मुकं झालं, तर वर उभ्या सोबत्यांच्या हातात काहीच उरत नाही.

यावर तोड निघू शकते. मामूटच्या बॅरिव्हॉक्ससारख्या काही यंत्रांत लिथियम चालतात, कारण बनवणाऱ्यांनीच त्यांचा विचार करून ठेवलाय. पण ज्या पुस्तिकेत नाही म्हटलंय, तिथे नाहीच.

या दोन्ही सेलांच्या मुळाशी एकच माणूस सापडतो, लुईस अरी. जन्म कॅनडातला, १९२७ चा. नोकरी अमेरिकेत एव्हरेडीकडे. त्याला जुना झिंक-कार्बन सेल सुधारायला सांगितलं होतं. त्यात फारसा जीव नाही असं ठरवून तो अल्कलाइनच्या मागे लागला. साहेबांना पटवायला त्याने कंपनीच्या उपाहारगृहात दोन खेळण्यातल्या गाड्या सोडल्या, एकीत जुना सेल, दुसरीत स्वतःचा. जुनी थोडक्यात थांबली, अरीची गाडी मात्र खोलीच्या फेऱ्या मारतच राहिली. पेटंट १९६० साली मिळालं. पुढे लिथियम सेलच्या कामातही तो होता. बॅटरीच्या इतिहासातला हा माझा सगळ्यात लाडका प्रयोग, कारण त्यात आलेख नाही, की तक्ता नाही.

चार्ज होणाऱ्या सेलांबद्दलही विचारलंय. निकेल-मेटल-हायड्राइड सेल स्पॉट जेन-३ मध्ये चालतात, पण दीडऐवजी १.२ व्होल्टचे आणि पडून असताना आपोआप उतरणारे. मी ते सह्याद्रीतल्या शनिवार-रविवारसाठी जीपीएसमध्ये वापरतो, जिवावरच्या यंत्रात नाही. यूएसबीने चार्ज होणारे 'दीड व्होल्ट लिथियम' मात्र बीकनजवळही नेऊ नयेत. त्यांच्या पोटात व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं आणि ते रेडिओ-खरखर करू शकतं. मोबाइल बीकनपासून प्रक्षेपणात २० आणि शोधात ५० सेंटिमीटर लांब ठेवा असं शिकवतात, ते अशाच खरखरीमुळे. इथे तर ती यंत्राच्या आतच आणून बसवल्यासारखं होईल.

अल्कलाइनचा खरा दोष गळणं. मोसम संपला की बीकन कपाटात जातं, सेल आतच. पुढच्या हिवाळ्यात पट्ट्यांवर पांढरी पूड. जुना-नवा सेल मिसळला तर हे हमखास, कारण दमलेल्या सेलमधून बाकीचे जबरदस्तीने वीज ढकलतात. पूड दिसली तर लिंबाच्या रसाने पट्ट्या पुसता येतात, पण असं यंत्र तपासणीशिवाय बर्फात नेऊ नये.

भारतातल्या वाचकांसाठी जाताजाता: स्पॉट किंवा इनरीचसारखं उपग्रह-यंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय इथे बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर त्यापायी परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. कॅल्गरीकरांनी सुट्टीत घरी येताना ते तिकडेच ठेवून यावं.

तर त्यांना माझं उत्तर: दोन जातींचे सेल न्या. स्पॉटमध्ये चार नवे लिथियम, बीकनमध्ये एकाच पाकिटातले नवे अल्कलाइन, जादा सेल दोन वेगळ्या रंगांच्या पिशव्यांत, अंगालगतच्या खिशात. दोन-तीनशे ग्रॅमही वाढणार नाहीत.

डॅट पुढच्या आठवड्यात. मालवण-वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत ज्यांच्या होडीवर ते यंत्र आहे, त्यांनी त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली ते पाहून मला जरूर कळवावं.