काकींची न्हाणी आणि पाचशे मायक्रॉन

नार्व्यात सप्तकोटेश्वराच्या देवळापासून जरा पुढे काकींचं कौलारू घर. मागीलदारी न्हाणी, न्हाणीत चुलीवर तांब्याचं भाण, आणि बाजूला सरपणाचा ढीग: पिडे, करवंट्या, सोडणं. कॅनडात असलेल्या मुलाने आईच्या डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून पाणी तापवणारा हीट पंप घेऊन दिला आणि बसवायला मला बोलावलं. मी फ्रिज-एसीचा मेकॅनिक, बावीस वर्षं हेच करतो. काकींनी आउटडोअरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे पुता, हा तर एसी. पाणी तापवायला थंडाव्याचं यंत्र कशाला?"

ओळखलं बरोबर होतं. एसी खोलीतली उष्णता उचलून अंगणात टाकतो. हा अंगणातली उचलून टाकीत टाकतो. आतला गॅस, कॉम्प्रेसर, तांब्याच्या नळ्या, सगळं तेच. वीज उष्णता तयार करायला लागत नाही, फक्त वाहायला लागते. काकींच्या मुलाचं तिकडचं अख्खं घर असाच पंप उबदार ठेवतो, बाहेर बर्फ असतानाही. उणे दहाच्या हवेत उष्णता असते. गॅस त्या हवेहून थंड केला की ती उष्णता त्याच्यात शिरते. आमच्याकडे तर हवा गरमही आणि ओलीही. हवेतल्या वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णतासुद्धा पदरात पडते.

ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी 1850च्या दशकात मिठाचं पाणी आटवायला असं यंत्र केलं. निघालेली वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हा वापरायची. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरात ते काम ऊन फुकट करतं, त्यामुळे आम्हांला ही कल्पना सुचायचं काही कारण नव्हतं.

बटण दाबायला एक सेकंद लागतो. त्याच्या आधीचे तीन-चार तास गिऱ्हाईक बघत नाही, आणि यंत्र दहा वर्षं चालणार की दोन, हे तिथंच ठरतं. नळ्यांची तोंडं फ्लेअर केली, जोड आवळले, आणि कोरडा नायट्रोजन 400 पीएसआयपर्यंत भरला. गाडीच्या टायरमध्ये 30-35 असतो, त्यावरून अंदाज घ्या. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहिलं, मग चहा. चहा होईस्तोवर काटा हलला नाही. नायट्रोजनऐवजी कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडताना दिसला तर त्याला आधी घराबाहेर काढा. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांचा स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं. इथं मी फार हट्टी आहे, आणि हट्ट पैसे मोजून आलेला आहे. आमचा देव पोर्तुगिजांच्या काळात दिवाडीहून नदी ओलांडून इकडे आला, 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्याने बांधवलं. मी पोटासाठी फेरीबोटीने उलटा दिवाडीला जातो. एका ऑगस्टात तिथं एसी बसवत होतो. बाहेर पाऊस, फेरी चुकायची वेळ. गेजची सुई तळाला टेकलेली दिसली आणि मी वीस मिनिटांत पंप बंद करून गॅस सोडला. अकरा महिन्यांनी कॉम्प्रेसर जळाला. तेल काढलं तर काळं, वास आंबट. नळ्यांत राहिलेला ओलावा तेलात मिसळून त्याचं आम्ल झालं होतं. नवा कॉम्प्रेसर माझ्या खिशातून गेला.

साध्या गेजला तळाच्या गोष्टी दिसत नाहीत. त्यासाठी मायक्रॉन गेज लागतो. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब 7,60,000 मायक्रॉन. मला तो 500च्या खाली न्यायचा असतो. तिथं पाणी थंड असतानाच उकळतं, आणि पंप ओलाव्याची वाफ करून ती ओढून घेतो. कोकणच्या हवेत याला वेळ लागतो. खाली पोचल्यावर पंप बंद करायचा आणि नुसतं बघत बसायचं. आकडा बराच चढून थांबला तर आत अजून ओल आहे. चढतच राहिला तर कुठंतरी गळतंय. काकींकडे 420वर बंद केला, पंधरा मिनिटांनी 510. तेव्हा कुठं ॲलन की घेऊन व्हॉल्व्ह उघडले.

टाकी 200 लिटरची. ती काठोकाठ भरल्याशिवाय वीज द्यायची नाही, नाहीतर आतला जोडीचा हीटर कोरडाच तापून जातो. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. आधी फुसफुस, मग खोकला, मग अखंड धार. अर्थिंग तपासलं, बटण दाबलं. काहीच झालं नाही. काकींनी माझ्याकडे पाहिलं. कॉम्प्रेसर तीन मिनिटं थांबून सुरू होतो, हे मी सांगायला विसरलो होतो.

चालू झाल्यावर क्लॅम्प मीटर लावतो, पण गिऱ्हाइकाला पटणारी परीक्षा दुसरी आहे: घड्याळ, थर्मामीटर आणि लायटीचा मीटर. घरातलं बाकी सगळं बंद केलं. पाणी 27 अंश होतं, तासाने 41 झालं. एक लिटर पाणी एक अंश तापवायला 1.16 वॉट-तास लागतात. 200 लिटर, 14 अंश, म्हणजे सव्वातीन युनिटांची उष्णता. मीटर फिरला 0.9 युनिट. गेझरने सव्वातीनच्या सव्वातीन खाल्ली असती.

काकींना हिशेबापेक्षा आउटडोअरच्या नळीतून ठिबकणारं पाणी आवडलं. खाली हात धरला. "थंड!" आणि तुळशीची कुंडी ओढून धारेखाली आणली. मी तापमान 55वर लावून दिलं. आठवड्यातून एकदा 60च्या वर जाऊ द्यायचं, साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात म्हणून. खाणीची लाल धूळ जाळीवर बसते, ती महिन्या-दोन महिन्यांनी पाण्याने धुवायची, एवढं सांगितलं.

हत्यारं भरताना भाण कुठं हलवू, म्हणून विचारलं.

"हलवू नको," काकी म्हणाल्या. "दोनशे लिटर म्हणजे दहा बादल्या. चवथीला आम्ही बावीस माणसं."