भोरड्या माहेरी निघाल्या

2025 च्या रमजानात आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला सहरी-इफ्तारचे वेळापत्रक चिकटवलेले होते. 2 मार्चच्या पहिल्या रोजापासून महिनाअखेरपर्यंत सहरी वीसेक मिनिटांनी अलीकडे आली आणि इफ्तार सात-आठ मिनिटांनी पुढे गेला. म्हणजे दिवस जवळपास अर्ध्या तासाने वाढला. आपण ही मिनिटे घड्याळात मोजतो. गुंजवण्याच्या पांगाऱ्यावर बसलेला एक पक्षी तीच मिनिटे अंगात मोजत असतो आणि एके दिवशी उठून कझाकस्तानच्या वाटेला लागतो, हे मात्र मला त्याच रमजानात कळले.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे मुलांचे मामू, गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणाऱ्यांपैकी आहे. 23 मार्चचा रविवार, बाविसावा रोजा. “आपा, फजरनंतर लगेच निघू, जुहरच्या आत घरी. गडावर चढायचे नाही, नुसते झाडाखाली बसायचे,” असे म्हणून त्याने आम्हाला गाडीत घातले. नसरापूर, मार्गासनी, साखर असे करत गुंजवणे. वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातले राजगडाच्या पायथ्याचे हे गाव. सुट्टीच्या दिवशी पुण्याहून येणारी मुले चोरदरवाज्याची वाट याच गावातून धरतात. त्यांची पाठ आणि पिशव्या आम्हाला भरपूर दिसल्या. वर झाडाकडे बघणारे मात्र आम्हीच होतो.

पुणे जिल्ह्यात पाहुणे पक्षी म्हटले की लोक भिगवणला धावतात. उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हे सारे खरोखर पाहण्यासारखेच आहे. पण तिथला हंगाम हिवाळ्याचा. सह्याद्रीच्या कुशीतला खरा तमाशा वसंतात असतो आणि त्याला तळे लागत नाही, फुललेले झाड लागते. आधी काटेसावर, मग पांगारा आणि पळस. पाने गळून गेलेली, अंगभर लाल-केशरी फुले, आणि प्रत्येक फुलाच्या पेल्यात मधुरस. बुलबुल, कोतवाल, शिंजीर, हिरवागार पर्णपक्षी असे सगळे एकाच पंगतीला. पळस-पांगाऱ्याला फळ धरायचे तर या मंडळींनी कपाळाला पराग फासून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला हवे. फुकट जेवण कोणीच घालत नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा पांगाऱ्यावर भोरड्यांचा थवा उतरला होता. पुस्तकात त्यांना गुलाबी मैना किंवा पळसमैना म्हणतात. डोके, पंख, शेपटी काळी, मधले अंग गुलाबी, डोक्यावर मागे वळलेला तुरा. हिवाळ्यात हाच पक्षी मळकट दिसतो. मला वाटले, ईदसाठी नवे कपडे घ्यावेत तशी नवी पिसे येत असतील. मामूने सांगितले, तसे नाही. पिसे जुनीच. त्यांच्या टोकांना फिकी किनार असते, ती महिनोन्‌महिने झिजते आणि खालचा उजळ रंग वर येतो. कपडे झिजून नवे होण्याचा हा प्रकार घर चालवणाऱ्या बाईला फारच पटण्याजोगा आहे.

झाडाखाली जळणाची मोळी टेकवून एक आजी बसल्या होत्या. मुलगी पाचवीतली, तिने जाऊन विचारले, “आजी, हे पक्षी रोज येतात का?” आजी हसल्या. “भोरड्या त्या. हितं झाडावर बऱ्या दिसत्यात. माझं माहेर दौंडाकडलं, तिकडं इचार. ज्वारी निसवली का आम्ही पोरी माळ्यावर बसून गोफण फिरवायचो. आभाळ भरून यायच्या. एक कणीस ठेवायच्या न्हाईत.”

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्वारीच्या पट्ट्यात भोरडी म्हणजे नुकसान. पण हाच पक्षी टोळ आणि नाकतोडे यांचा वैरी. मध्य आशियाच्या खडकाळ माळांवर भोरड्या हजारोंच्या वस्तीने दगडांच्या कपारीत अंडी घालतात. पिल्ले वाढतात ती टोळांवरच. ज्या साली टोळ जास्त, त्या भागात भोरड्यांची वस्ती जास्त. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांवर औषध मारण्यापेक्षा भोरड्यांना बोलवावे म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरटी तयार केली गेली.

आणि हिशेब केला तर या पक्ष्याला पाहुणा म्हणायचे का, हाच प्रश्न पडतो. एप्रिलमध्ये भोरड्या निघतात. मे-जूनमध्ये तिकडे अंडी-पिल्ले उरकतात. जुलै-ऑगस्टपासून पहिले थवे भारतात परतलेले असतात. वर्षातले आठ-नऊ महिने त्या आपल्याकडेच असतात. मी मुलीला सांगितले, पोरी, ह्या सासरी राहतात आणि बाळंतपणापुरत्या माहेरी जातात. तिला ते एकदम समजले.

त्यांना निघायची वेळ कोण सांगते? पक्ष्याच्या अंगात वर्षाचे एक घड्याळ असते आणि दिवसाची वाढती लांबी ते घड्याळ जुळवून देते. मग भूक वाढते, चरबी साठते. तीच वाटेतली शिदोरी. ज्या पक्ष्यांचा प्रवास रात्रीचा, ते निघण्याच्या दिवसांत पिंजऱ्यात ठेवले तरी रात्री फडफडत राहतात, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. आपली ईद चंद्राच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, भोरडीचा हिशेब सूर्याचा. म्हणून काही वर्षांनी रमजान थंडीत सरकेल, पण भोरड्या निघतील त्या एप्रिलमध्येच. पांगाऱ्याचा रस पोटात घेऊनच.

मुलगा नववीत. त्याला मैनांपेक्षा एका साध्या चिमणीनेच पकडून ठेवले. फांदीच्या टोकाला बसलेली, राखी-तपकिरी, पण गळ्यावर पिवळा ठिपका. घरचिमणीची ही रानातली बहीण. झाडाच्या ढोलीत घरटे करते आणि पळसाच्या फुलातला रसही पिते. मामूने दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, “हिच्यामुळे एका मुलाचे आयुष्य बदलले.”

तो मुलगा सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली. 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा घरात जन्मलेला. वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई. मामू अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारणे हा तेव्हाच्या मुलांचा खेळ होता. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. सलीमने मामूला विचारले. मामूला माहीत नव्हते. पण ‘जा रे, डोके खाऊ नकोस’ असे न म्हणता त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवले. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले. 1941 साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ लिहिणारे, 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालेले डॉ. सलीम अली त्या कपाटासमोर घडले. आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती चिमणीच ठेवली. आपल्या घरात मूल असा एखादा प्रश्न घेऊन येते तेव्हा आपण काय करतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

पक्षी कुठून येतो, कुठे जातो, हे आपल्याकडे पद्धतशीरपणे शोधण्याचे मोठे कामही सलीम अलींनीच 1959 पासून सोसायटीतर्फे चालवले. पायात हलकी क्रमांकाची कडी घालायची आणि पक्षी सोडून द्यायचा. कडीवर मुंबईच्या सोसायटीला कळवा, असा मजकूर. कोणाला शेतात, धरणकाठी असा पक्षी मेलेला सापडला तर कडी फेकू नये. क्रमांक, जागा, तारीख सोसायटीला कळवावी.

ऊन चढू लागले तसे आम्ही गुंजवणी नदीकडे उतरलो. तारांवर माळभिंगऱ्या रांगेने बसल्या होत्या. त्याही उत्तरेकडे जाणाऱ्याच. पाण्याच्या कडेला शेपटी हलवणारा पिवळा धोबी. थंडीत फिकट असलेला तो आता हळदीसारखा झाला होता. आणि बांधावर चोच खुपसत चालणारा हुदहुद. मुलीला हजरत सुलैमान अलैहिस्सलाम आणि हुदहुदचा किस्सा पाठ. शेबाच्या राणीची खबर आणणारा तो हाच का, हे तिने तीनदा विचारले. हाच. काही हुदहुद वर्षभर इथेच असतात, काही थंडीपुरते उत्तरेकडून येतात. बांधावरचा त्यातला कोणता, हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते.

परतताना समोरचा डोंगर काळा दिसला. वणवा. भोर-वेल्ह्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल हे नेहमीचेच. वाळले गवत जाळले की पुढच्या पावसात चांगले येते, अशी समजूत. कुठे विडी-सिगारेटचे थोटूक, कुठे सहलीला आलेल्यांची चूल. टिटवी, चंडोल, रातवा यांची अंडी याच दिवसांत उघड्या जमिनीवर असतात. धूर दिसला की भोरडी उडून जाईल, अंडे कुठे जाईल? भाजलेला पांगारा पुढच्या वसंतात फुलेलच असे नाही, आणि वाटेतली खानावळच जळाली तर प्रवाशाने कझाकस्तान कसे गाठायचे? 1927 च्या वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. आपल्यापैकी जे ईदनंतर डेग घेऊन डोंगराला जातात, त्यांनी निखाऱ्यावर दोन घागरी पाणी ओतूनच उठावे. नुसती माती टाकून भागत नाही, खाली धग राहते.

एक गोष्ट मात्र मुलांनी आपणहून केली. जुन्या वहीत तारीख, जागा, पक्षी, अंदाजे संख्या. 31 मार्चला ईद झाली. पुढचे दोन रविवार मामू एकटाच जाऊन आला आणि आकडे आणून दिले. दुसऱ्या रविवारी भोरड्यांपुढे शून्य लिहावे लागले, तर मुलगी रुसली. मामूने समजूत काढली: शून्याची तारीखच सगळ्यात महत्त्वाची, ती दरवर्षी लिहिली तर पक्षी लवकर जातायत की उशिरा, ते कळेल.

मेच्या अखेरीस दक्षिणेकडून नवरंग येईल, पहिल्या पावसाबरोबर आफ्रिकेकडून चातक. त्यांच्यासाठी तिने वहीत दोन रकाने आखून ठेवले आहेत.