रोडगे, विळी आणि दोन वर्तुळे

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या वसाहतीतली दोन घरे रोडग्यांच्या पार्टीला निघाली आहेत, असे समजू. पहिल्या घराच्या यादीत गंज, वांगी, तेल, विळी आणि काडेपेटी. दुसऱ्या घराच्या यादीत कणीक, गोवऱ्या, तूप, विळी आणि काडेपेटी. दोन्हीकडे पाच-पाच नोंदी आहेत, पण एकत्र यादी केली तर ती दहाची नाही, आठचीच होते. विळी आणि काडेपेटी दोन्हीकडे आहेत आणि संचात एक घटक एकदाच लिहितात.

ही आठ नावांची यादी म्हणजे संयोग संच. विळी आणि काडेपेटी या दोघींचा झाला छेद संच. नववीच्या गणितातले सूत्र एवढेच सांगते: दोन्ही संचांची बेरीज करा आणि दोनदा मोजलेला छेद एकदा वजा करा. ५ + ५ − २ = ८. स्वयंपाकाला काही कमी पडते का, हे संयोगावरून कळते. घरी काय ठेवून जाता येईल, हे छेदावरून.

वस्तूंच्या उदाहरणात गोंधळ होतो तो पुढे. पिशव्या रिकाम्या केल्या तर सतरंजीवर दहा वस्तू दिसतील, कारण विळ्या दोन आहेत आणि काडेपेट्याही दोन. घटक म्हणून ‘विळी हा प्रकार’ धरला तर छेदात दोन घटक. ‘ही विळी’ आणि ‘ती विळी’ वेगळ्या धरल्या, काडेपेट्याही तशाच, तर छेद रिक्त आणि संयोग दहाचा. ओझे उचलणाऱ्याचा हिशेब दहाचा, यादी करणाऱ्याचा आठचा. दोघेही बरोबर आहेत. संच मांडण्याआधी ‘सारखे’ कशाला म्हणायचे, ते ठरवावे लागते.

माणसांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. समजा, गणेश मंडळाचे ४० सभासद आहेत, क्रीडा मंडळाचे २५ आणि १० जण दोन्हीकडे. जेवणाला पाने ५५ लागतील. दोन वह्यांत नाव असले तरी माणूस एकाच पानावर बसतो. इंग्लंडच्या जॉन वेन यांनी १८८० मध्ये अशी मांडणी एकमेकांवर चढलेल्या वर्तुळांनी दाखवली. पाठ्यपुस्तकातली वेन आकृती ती हीच.

आता तीन वर्तुळे घेऊ आणि घटक म्हणून जागा धरू. जिथे इंधन आहे, जिथे पुरेसा प्राणवायू आहे आणि जिथे पुरेशी उष्णता आहे, अशा जागांचे हे तीन संच. आग लागते ती तिघांच्या छेदात. पेटत्या गोवऱ्यांवर पाणी ओतले की उष्णता जाते, कढईतल्या पेटलेल्या तेलावर झाकण ठेवले की हवा तुटते. एक वर्तुळ बाजूला सरकले की छेद रिक्त होतो.

जवाहरनगरला १९६४ मध्ये सुरू झालेल्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांना ढकलणारी प्रणोदके तयार होतात, आणि तिथे झाकणाचा उपाय चालत नाही. प्रणोदकांत वापरल्या जाणाऱ्या नायट्रोसेल्युलोजच्या रेणूतच इंधन आणि ऑक्सिजन दोन्ही असतात. दोन वर्तुळे कायम एकमेकांवर चढलेलीच. म्हणून स्फोटकांच्या कोणत्याही कारखान्यात काडेपेटी दारातच काढून घेतात. ठिणगी, घर्षण आणि स्थिर वीज टाळण्यासाठी नियमांची वही जाड असते. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात जवाहरनगरच्या निर्माणीतल्या कामगारांचे जीव गेले. हवा तोडायची सोयच नसलेल्या कामात सगळा भार तिसरे वर्तुळ दूर ठेवण्यावर येतो, आणि ते रोज, प्रत्येक पाळीत दूर ठेवावे लागते.